पाठीत उतरलेलं रक्त

दादा,

'प्रिय' लिहायला हात धजेना.

काल त्या सात वर्षांच्या पोरीच्या बापाने तुझे हात धरले. "डॉक्टर, पहिल्याच औषधाने मणक्यातला कॅन्सर गेला!" म्हणाला. तू हसलास.

मणक्यात कॅन्सर कधी नव्हताच. मेंदूतली गाठ काढल्यावर तिसऱ्याच दिवशी तू मणक्याचा एमआरआय उरकलास. ऑपरेशनचं रक्त पाठीत उतरतं आणि चित्रात हुबेहूब पसरलेल्या कॅन्सरसारखं दिसतं, म्हणून दोन आठवडे थांबायचं, हे मला तूच शिकवलंस. पण मशीन रिकामं होतं आणि तुला घाई होती. रक्ताला तू कॅन्सर ठरवलंस. आताचा एमआरआय मी वाचला. मणका स्वच्छ आहे, कारण रक्त जिरून गेलं.

आणि जेवताना तू मला सांगतोस, "उपचाराने गेला, असं रिपोर्टमध्ये लिही. घरची अब्रू चव्हाट्यावर आणू नकोस."

तसं लिहिलं तर कॅन्सर पसरला होता असंच धरतील आणि तिच्या पाठीला रेडिएशनचा जास्तीचा डोस देतील. पाठीची वाढ खुंटेल. त्यावर तू म्हणालास, "राहील थोडी बुटकी, पण जगेल ना?" आणि भाजी वाढून घेतलीस. स्वतःच्या पोराची उंची मात्र दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर आखतोस. किळस आली मला तुझी.

खरं ते लिहून मी सही केली आहे. पोरीच्या बापालाही सांगितलंय. हे पत्र मात्र तुला देणार नाही. तू यातही दुरुस्ती सुचवशील.

तुझी, नाइलाजाने सख्खी,
बहीण