सुज्याचं यान आणि मागच्या वर्षीचा ताप

प्रिय सुज्या,

आज आईने तुझा मोबाइल माझ्या हातात दिला. चार्ज करून, पदराने पुसून. म्हणाली, "ह्यातला त्यो गेम काढून टाक. त्यानंच माजा पोर खाल्ला." मी मोबाइल घेऊन मागच्या पडवीत आलो. गेम काढायला म्हणून उघडला, आणि तुला लिहायला बसलो.

तुझं यान अजून तळावर उभं आहे रं. लेझरची ढाल लावलेली. तीच, गधड्या! लेझर अडवणारी आणि मिसाइल अडवणारी, अशा दोन्ही ढाली एका यानात मावत नाहीत. एकच निवडायची. आणि तू दर वेळी आदल्या लढाईत ज्याने मारलं त्याचीच ढाल लावायचास. मग समोरून मिसाइल यायची आणि यानाचा भुगा. त्यापायी माझ्या किती शिव्या खाल्ल्यास? मागच्या वेळी आला तोच परत येणार आहे का, आधी टेहळणी पाठव, कोण येतंय बघ, मग ढाल लाव, हे मी तुला शंभरदा सांगितलं असेल. तू नुसता हसायचास.

मग भाताची आवणी आली. कामावर सुट्टी टाकून तू चार दिवस चिखलात होतास, टाचेला भेग पडलेली. पाचव्या दिवशी ताप. मागच्या वर्षी तुला डेंगी झाला होता, म्हणून मी ठरवूनच टाकलं की डेंगीच. पपईच्या पानांचा रस काढला, तापाची गोळी दिली, निजून राहा म्हटलं. जी अक्कल तुला शिकवत होतो ती तेव्हा कुठे गेली होती माझी?

दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, "दादा, पोटऱ्या लय दुखतात रं. डोळं बघ कसं लाल झालंत. मला कर्जतला दवाखान्यात ने." मी खालापूरला कंपनीत शिफ्टला निघालो होतो. डोळ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या वर्षीही असाच कण्हत होतास, असं म्हणालो आणि बाइकला किक मारली.

तापाच्या चौथ्या दिवशी लघवी बंद झाली तेव्हा पळापळ. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, शेतात चिखलात होता का? उंदराच्या मुताने होतो तो लेप्टो. लवकर आणला असता तर गोळ्यांवर भागलं असतं, म्हणाले. हे ते फक्त मला म्हणाले. आई बाहेर बाकावर होती.

बाहेर आलो तर आईने विचारलं, काय दुखतंय ते त्याने सांगितलं नव्हतं का? मी म्हणालो, नाही, मोबाइलमध्येच तोंड घालून पडला होता. दहाव्याला तेच सगळ्यांच्या तोंडी. मामा म्हणाला, गेमच्या नादात पोराने दुखणं अंगावर काढलं. आणि मी मान हलवली, सुज्या. तू असतास तर भांडला असतास ना? भांड की!

आता आई रोज तुझ्या फोटोपुढे उभी राहून विचारते, आईला एक शब्द बोलला नाहीस? मेलेल्या पोरावर रुसली आहे ती, आणि तेही माझ्यामुळे.

गेम काढणार नाही. आई आत भाकऱ्या थापते आहे. हे पत्र संपलं की तिच्यासमोर जाऊन बसतो आणि सांगतो, "आई, त्यो बोल्ला होता. मला ने म्हनाला. मी नाय नेला." नंतर ती मला घरात ठेवेल की नाही, ठाऊक नाही. पण तुझ्यावरचा तिचा रुसवा आज उतरेल, हा माझा शब्द.

तुझा,
दादा