मायच्या कपाळावरचं गोंदण

लातूर,
१७ एप्रिल २०१६

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. तुझी आणि वहिनींची तब्येत बरी असेल असं धरून चालते. अकरा वर्षांत विचारली नाही, तेव्हा आज विचारायचा मला हक्क नाही. पण पत्र सुरू तरी दुसरं कसं करायचं? फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर माझ्याच तोंडून शब्द फुटला नसता.

इथली पाण्याची गत पेपरात वाचतच असशील. रेल्वेनं पाणी आलं, त्याचे फोटोही झाले, पण आमच्या गल्लीत अजून टँकरचीच वाट बघणं चालू आहे. त्या रांगेत मी चित्रं काढते. हसू नकोस.

आम्रपालीला पुण्यात नोकरी लागली. जाताना तिचा जुना टॅब आणि त्याचा पेन माझ्याकडे टाकून गेली. म्हणाली, "मम्मी, टीव्हीसमोर पेंगण्यापेक्षा यावर काहीतरी काढत जा." अठ्ठावीस वर्षांच्या नर्सिंगमध्ये मी काढलेलं एकमेव चित्र म्हणजे पेशंटच्या तापाचा तक्ता! पहिल्या दिवशी पेन काचेवरून नुसता घसरत होता. हात टेकला की काळे फराटे उठायचे. पोरगी फोनवर म्हणाली, हातमोजा घाल. मी आपला दवाखान्यातला रबरी मोजा चढवला आणि घामानं निथळले. शेवटी जुन्या पायमोज्याला बोटांपुरती भोकं पाडली, तेव्हा कुठं जमलं.

मग रांगेतल्या घागरी काढायला लागले. शेजारची शिवकांता डोकावून म्हणाली, "ताई, माझी घागर चेपलेली हाय, तुमी सरळ कामून काढली?" म्हटलं, मला चेपलेली येत नाही बाई अजून. दुसऱ्या दिवशी पोच काढून दाखवला, तर तिनं अख्ख्या रांगेला दाखवला. इतकं कौतुक मला रिटायर होतानाही मिळालं नव्हतं.

या कामात थर असतात. एका थरावर चेहरा, त्याच्यावर दुसऱ्या थरावर केस, तिसऱ्यावर पदर. एक पुसला तरी बाकीचे हलत नाहीत. हे कळायच्या आधी मी सगळं एकाच थरावर काढत होते. एकदा केस पुसायला गेले आणि कपाळच गेलं.

ते कपाळ मायचं होतं, दादा. मी माय काढते आहे.

सोबत छापून पाठवते आहे. टिकली मुद्दामच काढली नाही. धम्म घेतल्यापासून आपल्या घरात कुंकू नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. बाकीचं ठाऊक नाही. ती गेली तेव्हा मी सात वर्षांची आणि तू बारा वर्षांचा. तिचा चेहरा आता फक्त तुझ्याजवळ आहे. चुकलं असेल तिथं पेन्सिलीनं खूण कर आणि कागद परत पाठव. दुसरं काही मागत नाही.

तुझी बहीण,
पंचशीला


देगलूर,
२६ एप्रिल

पंचू,

जयभीम. पत्र पोचलं. तुझी वहिनी म्हणली, आधी चित्र बघा. बघितलं. ही माय न्हाई. ही तूच हायेस, लुगडं नेसून बसलेली.

खुणा केल्यात, राग मानू नको. नाक ऱ्हाऊ दे, ते तिचंच तुला आलंय. गाल आत घे. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिला एवढे गाल कुठून? पदर कानामागून न्हाई, कानावरून.

आन् कपाळ कोरं कामून ठेवलं? कुंकू सोडलं हे खरं हाय. पण तिला ल्हानपणीच गोंदलं होतं. मधी एक ठिपका, त्याच्या खाली बारीक दोन. देव सोडले तरी गोंदण कसं सुटंल? ती हसून म्हणायची, हे माझ्या कातडीसंगंच जाईल. तुला मांडीवर घेतलं की तू त्याच्यावर बोट ठेवायचीस.

डोळ्याचं कागदावर सांगता येत न्हाई. लई येळ बसलो, सांगता येत न्हाई.

फोटोचं तू काई लिहिलं न्हाईस. मी बी लिहीत न्हाई.

लिंबाजी


लातूर,
३ मे २०१६

प्रिय दादा,

तुझा कागद दवाखान्याच्या जुन्या पॅडला लावून समोर ठेवला आणि खुणा बघून बघून गाल आत घेतले, पदर कानावर आणला. मग गोंदणासाठी वेगळा थर घेतला. तीन ठिपके. मधला ठिपका टेकवला आणि पेन खाली ठेवून रडले. ते माझ्या बोटाला माहीत होतं, दादा, मीच विसरले होते.

आता फोटोचं.

माय गेली त्या वर्षी तिचा तो एकच फोटो पत्र्याच्या पेटीवर ठेवलेला असायचा. त्यावर धूळ बसली होती. मी प्यायच्या पाण्यातलं अर्धा तांब्या पाणी घेतलं, तिच्याच लुगड्याची चिंधी भिजवली आणि तोंड धुतात तसा तिचा चेहरा चोळून चोळून धुतला. ती मला रोज तशीच धुवायची. चेहरा चिंधीला लागून निघून आला.

तू दारात उभा होतास. माझे हात पुसलेस, तो कागद चुलीत घातलास, आणि बाबा आल्यावर म्हणालास, "माझ्याकडून हरवला." छडीचे वळ तुझ्या पाठीवर उठले. मी पेटीमागं बसून मोजत होते.

खोटं इतकं जुनं झालं की मलाच खरं वाटायला लागलं. अकरा वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा पुण्यानुमोदनाला त्यांच्या फोटोशेजारी ठेवायला मायचा फोटो नव्हता, आणि मी अख्ख्या भावकीसमोर तुझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "या माणसानं माझी माय हरवली." तू चप्पल घालून निघून गेलास. तेव्हाही माझं नाव घेतलं नाहीस. मला लाज वाटते दादा, फार लाज वाटते.

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी दगडोबाकाकांना फोन केला, मग मामीला, मग जळकोटच्या दोन्ही आत्यांना. त्या दिवशी जे जे हजर होते आणि आज हयात आहेत, त्या प्रत्येकाला सांगितलं की फोटो मी धुतला आणि मार दादानं खाल्ला. थोरली आत्या मला नको नको ते बोलली; तिचं बरोबरच होतं. तुला आधी विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, "ऱ्हाऊ दे पंचू." म्हणून विचारलं नाही.

चित्रात डोळे अजून काढलेले नाहीत. त्यांचा थर उघडून ठेवला आहे, रिकामा.

१४ तारखेला, शनिवारी, सकाळच्या एसटीनं मी टॅब घेऊन देगलूरला येते आहे. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. मी ओट्यावर बसून काढीन. तू फक्त आतून सांगत राहा, तिचे डोळे कसे होते.

तुझ्या पाठीवरचे वळ मोजलेली,
तुझी पंचू