नाल्यापलीकडचं घर

३ नोव्हेंबर
आजपासून सूर्यास्ताच्या आत जेवण. फायनल. बायको, त्रिशला, गेली आणि तिचे दोन्ही नेम माझ्या गळ्यात पडले: नाल्याच्या बांधावर मुंग्यांना पीठ-साखर, मग दिवस मावळायच्या आत थाळी. ती होती तेव्हा मी अंधार पडल्यावर दुकानातून यायचो आणि ती माझ्यासाठी थांबून उपाशीच झोपायची. मी काही थांब म्हणालो नव्हतो.
आज उशीर. गिऱ्हाईक. उपाशी.

४ नोव्हेंबर
जिनल, आमची सून, गणिताच्या ट्यूशन घेते. कालचा उशीर ऐकून तिनं ग्राफपेपरच काढला. बांध म्हणजे एक्स-अक्ष. दुकान (१,२), घर (७,४), दोन्ही अलीकडेच. घराचं प्रतिबिंब पलीकडे पाडायचं: (७,-४). दुकानापासून तिथपर्यंत सरळ रेष. ती बांधाला (३,०) वर कापते. तिथं पीठ टाकायचं आणि घराकडे वळायचं. याहून जवळचा रस्ता नाही. मी काल घरासमोरच्या बांधापर्यंत जाऊन मग वळलो होतो. बिनडोकपणा!
(७,-४) वर स्मशानाचं टिनाचं शेड आहे. योगायोग.

५ नोव्हेंबर
शेडवर नजर ठेवून निघालो. पीठ टाकलं. वळलो नाही. मुंग्यांचं निरीक्षण केलं. उपाशी.

७ नोव्हेंबर
शेडमध्ये कोणीतरी बसलं होतं, मांडीवर थाळी घेऊन. ऊन तिरपं होतं. चष्म्याचा नंबर बदलायला हवा.
बकऱ्या घेऊन देवमन आला. म्हणे, "शेठजी, रोज इथं काहून उभे राह्यता? तिकडं काय पाहून राह्यले?" म्हटलं, गणित. तो बकऱ्या हाकत लवकर निघून गेला. मला भीती वाटत नाही. पीठ मात्र हातातच राहिलं.

८ नोव्हेंबर
चष्मा पुसला. तरी ती बसलेलीच होती.

९ नोव्हेंबर
जिनलला सांगितलं, तुझा फॉर्म्युला चुकलाय, रोज उशीर होतो. ती म्हणाली, "पप्पाजी, रेष बरोबर हाये. बांधावर वळा लागते. तुमी वळूनच नाही राह्यले." आजकालच्या मुलींना उलट बोलायची फार सवय. उद्या खाली मान घालून चालणार.

१० नोव्हेंबर
जमलं! मान खाली, पीठ टाकलं, वळलो, थेट घर. सूर्य निंबाच्या वर. लग्नानंतर पहिल्यांदा इतक्या लवकर. दारातूनच ओरडलो, "आलो गं!" जिनल बाहेर आली, थाळी वाढून आत गेली.
मी उठून दुसरी थाळी मांडली. एकट्यानं कसं सुरू करायचं? म्हटलं, येईलच.
पोळ्या गार झाल्या. सूर्य गेला. दोन्ही थाळ्या तशाच उचलल्या.
माझी काही चूक नाही. आज उशीर तिला झाला.