स्क्रीन बोगस आहे

६ एप्रिल, रविवार
पाडव्याची गर्दी ओसरली म्हणून आज परभणीच्या शोरूमला गेलो. मी आणि खलीलभाई. त्याचं गॅरेज पोरानं सांभाळलं, माझी शाळा रिटायरमेंटनं सोडवली, दोघंही रिकामे. दर रविवारी नवी गाडी चालवून बघायची, घ्यायची नाही, आणि संध्याकाळी मी ग्रुपवर रिपोर्ट टाकायचा. मानवत मोटार मंडळी, दोनशे अकरा माणसं. रिपोर्टाला सगळे टरकून असतात.

आजची गाडी लाल, उंच. तोंड असं फुगवलेलं जसा लग्नात मान न मिळालेला व्याही. हेडलाइट खाली बंपरात, म्हणजे पहिली म्हैस आडवी आली की गेलेच. आत पांढऱ्या सीटा. आमच्या काळ्या रानातल्या चिखलाला पांढऱ्या सीटा! वर काचेचं छप्पर. एप्रिलात, परभणीत. ज्यानं काढलं त्याला दुपारी दोनला त्याच्याखाली बसवा. आणि बटन म्हणून एक नाही. एसी, पंखा, गाणी, सगळं मधल्या टीव्हीत.

दाखवायला अश्विनी नावाची पोरगी. सोनपेठकडची. आधी स्वतः चालवून दाखवते, मग आपल्याला देते. हात चांगला आहे तिचा.

मी चालवायला बसलो. गाडी कडेला घेऊन एसी कमी करायला गेलो. पाच वेळा दाबलं. एकदा रेडिओ लागला, एकदा कुणाला तरी फोन. भडकलोच. "तुला तरी येतं का, का नुसती बसलीस?" ती म्हणाली, "सर, मी करते." एका बोटात केलं.

रिपोर्ट: 'स्क्रीन बोगस आहे. दाखवणाऱ्या पोरीला ओ की ठो कळत नाही.'

७ एप्रिल, सोमवार
ग्रुपवर अंगठेच अंगठे. वा मास्तर, बरं सुनावलं मास्तर. कुणीतरी रिपोर्ट शोरूमच्या मॅनेजरला पण पाठवला म्हणे.

ख.चा फोन. "क्या मास्तर, मेरेकू तो बराबर चली स्क्रीन."
म्हणालो, तुझं नशीब. फोन ठेवला.

९ एप्रिल, बुधवार
खरं इथं लिहितो. इथं कुणी वाचत नाही.

डावा हात. दिवाळीपासून. गियर मुठीत धरला की गप्प असतो. बोट हवेत धरलं की थरथर सुरू. लिहितो उजव्यानं, अक्षर अजून फळ्यावरचंच, त्यामुळं कुणाला पत्ता नाही.

माझी करडी गाडी सतरा वर्षांची झाली. तिच्या एसीला गोल, जाड बटन आहे. तळहात डॅशबोर्डावर टेकवायचा, चिमटीत बटन धरायचं, खटके मोजायचे. तीन खटके, पंखा तीनवर. नजर रस्त्यावरच. नव्या गाडीत धरायला काही ठेवलंच नाही हरामखोरांनी. सपाट काच. वरून पोरं म्हणतात, सर, किती प्रीमियम वाटतंय!

हे मत माझं दिवाळीच्या आधीपण होतं. पण तेव्हा ते मत होतं.

मंदा सकाळी म्हणाली, "चहाची बशी डाव्या हातात का घेत न्हाईत आताशा?" म्हणालो, गरम असते. पस्तीस वर्षं गरमच होती.

१३ एप्रिल, रविवार
पुन्हा शोरूम. ख.ला दुसरं मॉडेल बघायचं होतं. दारातच अश्विनी. हातात ताट, ताटात पेढे आणि पाण्याचे ग्लास. अंगावर पैठणीसारखी साडी.

ख.नं मॅनेजरला विचारलं, "बच्चीकू गाडीपर से कायकू हटाए?"

मॅनेजर माझ्याकडं बघून हसला. "सरांचा रिपोर्ट वाचला ना. टेस्ट ड्राइव्ह बंद केली तिची. आता स्वागताला ठेवली. डिलिव्हरीच्या वेळी ओवाळायचं, हार घालायचा, फोटो काढायचा. थँक यू सर, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत."

मी बरं म्हणालो. पेढा घेतला, उजव्या हातानं.

लाज वाटायला पाहिजे होती. आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज मग पाथरी रोडवर आली, घराजवळ.

आज रिपोर्ट टाकला नाही. सगळे विचारायलेत, मास्तर गप का.

१६ एप्रिल, बुधवार
डॉक्टर. कुणाला सांगितलं नाही. "बोट तुमच्या नाकाला लावा, आता माझ्या बोटाला." दोन्हीकडं चुकलं. मी चौथीतल्या पोराला हसलो असतो असं.

"तपासण्या होईपर्यंत गाडी बंद. घरी कोण चालवतं?"
"पोरगा."

विशाल पुण्यात असतो. दिवाळीला येतो. मीच चालवत आलो घरी. येताना एका जागी तिसऱ्याऐवजी पाचवा गियर पडला, गाडी गुदमरली, मागून ट्रकवाल्यानं आईबहीण काढली. हे आधी कधी झालं नव्हतं.

विशालला कळलं की पहिली चावी जाणार. मग "बाबा, ड्रायव्हर ठेवू." मग मी मागं बसणार, मांडीवर पिशवी घेऊन. मला दुसरं काय येतं? गणित शिकवलं, ते पगारासाठी. गाडी माझी होती.

१९ एप्रिल, शनिवार
एकटाच गेलो परभणीला. एसटीनं. का, ते लिहीत नाही.

शोरूममध्ये दुपारी शुकशुकाट. अश्विनी रिबिनीचे गठ्ठे करायली होती. तिला म्हणालो, बाळ, स्क्रीन नीट होती.

"माहीत हाय, सर. तुमचं बोट बाजूला पडायलं होतं. पहिल्याच वेळी दिसलं मला."

"मग साहेबाला का नाही सांगितलंस?"

हातातली कात्री खाली ठेवली तिनं. "आमच्या बापूंचा ट्रॅक्टर असाच काढून घेतला भावानं. हात थरथर कापायचे म्हणून. तवापासून बापू कुणाशी बोलतच न्हाईत. जेवा म्हणलं तर जेवतात. मला वाटलं, तुमच्यापाशी ती एकच गाडी आसंल."

"आणि तुझं?"

"माझं काय सर. ताट धरायलेय." मग एकदम चिडली. "लायसन काढायला घरात दीड वर्ष भांडले मी. साडी नेसून ओवाळायला न्हाई काढलं."

तीस वर्षं वर्गात उभा राहिलो. दुसऱ्याचं नाव न घेता मार खाणारं पोर मला लगेच ओळखू यायचं. इथं छडी मीच मारली होती. मॅनेजरच्या केबिनपर्यंत गेलो. तो फोनवर होता. थांबायला पाहिजे होतं. थांबलो नाही. भित्रा मेला.

२२ एप्रिल, मंगळवार
ऊन. गाडी पुसली, आतून बाहेरून. मोबाईलवर मेसेज लिहिला, पुसला.

ख. येऊन गेला. जाताना दारात म्हणाला, "मास्तर, हात का है ना? मेरेकू मालूम है. गॅरेजवाला हूं, कौनसी चीज हिलती, दिखता मेरेकू." म्हणालो, मग ग्रुपवर का बोलला नाहीस? "तुमीच बोलना. मैं कायकू बोलूं."
म्हणजे सगळे माझी वाट बघायलेत.

२९ एप्रिल, मंगळवार
उद्या अक्षय तृतीया. शोरूममध्ये सकाळपासून डिलिव्हऱ्या. दिवसभर ती ताट धरून उभी राहणार.

चार वाजता मंदाला समोर बसवलं आणि डावा हात पुढं केला. बोट हवेत धरलं. तिनं बघितलं. हात धरला नाही की रडली नाही. म्हणाली, "बशी फुटली त्या दिवशीच कळलं व्हतं मला. तुमी मांजरावर घातलं."

मेसेज दाखवला. 'स्क्रीन बोगस नव्हती. माझा हात थरथरतो. अश्विनी उत्तम गाडी चालवते आणि शिकवते. मी खोटं लिहिलं. मॅनेजरला कळवा.' दोनशे अकरात विशालपण आहे.

"पाठवा की मग."
"सकाळी पाठवतो."
"सकाळी कशापायी?"
"आधी एकदा मानवत रोड स्टेशनापर्यंत जाऊन येतो. पहाटे रस्ता मोकळा असतो."

ती उठली. मला वाटलं चावी घ्यायला उठली. तिनं खुंटीवरची माझी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मीबी येते," म्हणाली. "मोबाईल धरायला कुणीतरी लागंल."