निळी पिशवी

३ फेब्रुवारी
कोंडवाड्यात गाडी नेली. खरं नाव लांबलचक आहे. परक्या मुलखातून कागदांविना आलेल्यांना तिथे डांबतात. आमची संस्था देवाच्या नावाने त्यांना भेटते. मी गाडी हाकतो, सामान उचलतो.
आत डांबलेल्या शिंपीदादाने जाळीतून माझा सदरा चाचपला. म्हणाला, हे शिवणाऱ्याला आत पाठव, कान उपटतो!

५ फेब्रुवारी
आईचा फोन. देवाच्या माणसांत आहेस, मला घोर नाही, म्हणाली. माझाही या देशात राहायचा परवाना संपलाय, हे नाही सांगितलं. संस्थेच्या मोठ्या ताईंनी शब्द दिलाय — मी बघते.

९ फेब्रुवारी
ताईंनी शिंपीदादासाठी निळी पिशवी दिली. स्वेटर, मोजे, साबण. त्याने उघडलीच नाही. बघ तरी दादा, नवंकोरं आहे! तर म्हणतो, "तुला खरंच माहीत नाही?" मग उगाच हसला.

१० फेब्रुवारी
शिंपीदादा नाही! पहाटे विमानात घातला. जिथून जीव मुठीत धरून पळाला, तिथेच परत. पहारेकरी म्हणाला, तुमची पिशवी आली की आम्ही समजतो.
आधी दाढीवाल्याला, मग त्या लेकुरवाळीला — पिशवी मीच दिलेली. दुसऱ्या दिवशी जागा रिकामी. मला वाटायचं, सुटले!
ताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. शांतपणे म्हणाल्या, कुणाला धाडणार ते कोंडवाड्याचे साहेब आदल्या दिवशी कळवतात, बोभाटा न करण्याच्या अटीवर. केला तर आपल्याला दार बंद. "निदान कुडकुडत तरी जात नाहीत रे बाळा."
बाळा म्हणे! कोंडवाड्यातल्यांचे खटले लढणाऱ्या वकीलबाई कायम सांगतात, एक दिवस आधी कळलं तर कोर्टातून थांबवता येतं. ताईंना हे ठाऊक नाही?
केसाने गळा कापला त्याचा. आणि तो केस धरायला मी!

१३ फेब्रुवारी
प्रार्थनेला गेलो नाही. कुणी बोलावलंही नाही.

१७ फेब्रुवारी
आज गवंड्यासाठी पिशवी. गाडी सरळ वकीलबाईंच्या दारात नेली. सगळं ओकलो.

१८ फेब्रुवारी
विमान गवंड्याला न घेताच गेलं!
जेवताना ताईंनी माझ्या ताटात स्वतः वाढलं. नेहमीपेक्षा जास्त.

१९ फेब्रुवारी
गाडी धुऊन खोलीवर आलो. खाटेवर निळी पिशवी. स्वेटर बरोबर माझ्या मापाचा.