ठकी पडली तेव्हा

४ मार्च
आज आमची चिमुरडी ठकी पडली. जिन्यावरून, थेट फरशीवर — डोक्यावरच! हातातला रंधा टाकून धावलो. तिने लगेच भोकाड पसरलं, ते ऐकून बरंच वाटलं. निपचित पडली असती तर?

कानाच्या वर टेंगूळ. फडक्यात बर्फ गुंडाळून धरला. सासूबाई म्हणाल्या, "मुलं पडतातच हो. निजवा तिला."

निजवली, पण शेजारून हललो नाही. बायको बस चालवते. डेपोतल्या प्रथमोपचाराच्या वर्गात शिकलेलं तिने माझ्याकडून घोकून घेतलंय — डोक्याला लागलं की मूल मधूनमधून उठवून बघायचं. आधी ठकी चिडायची, हात झटकायची. मग चिडेनाशीच झाली! उलटी झाली. पुन्हा झाली. माझ्याकडे नुसती शून्यात बघावं तशी बघत राहिली.

"ऊन बाधलं असेल," सासूबाई.

"नाही, हे डोक्याचं आहे. मी निघालो."

५ मार्च
इस्पितळात. कवटीला केसाएवढी चीर. आत रक्तस्राव नाही! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उलट्या, गुंगी — बरोब्बर ओळखलंत. घरी थांबला नाहीत, फार चांगलं केलंत."

बोटाला खिळा लागला तरी घेरी येणारा मी! छाती फुगली, खोटं कशाला लिहू?

बायको गणवेशातच धावत आली. माझा हात घट्ट धरून बसली.

६ मार्च
ठकीने नर्सच्या अंगावर दूध ओतलं. आमची ठकी परत आली!

९ मार्च
घरी. बायकोने डेपोभर सांगितलंय. तिचा कंडक्टर भेटायला आला — "वहिनी, नवरा सुतार आहे म्हणाला होतात ना? हे तर डॉक्टर निघाले!" सासूबाई आता शेजारणींना शिकवतात, "पोर सुस्तावलं, ओकलं, की थेट दवाखाना!" जणू त्यांनीच नेलं होतं! पण मागून "आमचे जावई" म्हणतात, ते मी ऐकलंय.

१८ मार्च
तपासणी. सगळं ठीक. फक्त डॉक्टरीणबाईंनी ठकीपुढे खुळखुळा फिरवला, मग भुवया आकसल्या. "नेहमी धडपडते का?"

"धांदरट आहे जरा."

"डोळे तपासून घ्या."

२७ मार्च
जाड भिंगांचा इवलासा चष्मा आला. नाकावर चढवला. ठकी कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली, मिशी बोटाने चाचपली — आणि खुदकन हसली.

लेक आज पहिल्यांदा बापाला बघत होती!