एक क्लिक जास्त

४ फेब्रुवारी, सोमवार
हिच्या शिवणक्लासच्या बाईंनी परदेशाहून सहा डीव्हीडी आणल्या. पुरुषांचे कोट शिवायला शिकवणाऱ्या. आमच्या कॉम्प्युटरवर लागेनात. रिजन चुकीचा, म्हणजे डिस्क दुसऱ्या देशांसाठीची, असा मेसेज. ही म्हणाली, भावोजींना बोलावू या. म्हणजे माझ्या साडूला. त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं, असा हिच्या माहेरी समज आहे. मी म्हटलं, घरात मी असताना दुसरा कशाला. रिजन बदलला. पाचदाच बदलता येतो म्हणे, मला तीनदाच बदलावा लागला. आता चालतात, फक्त त्यांतला माणूस काडीसारखा उभट दिसतो. उद्या दोन मिनिटांत करतो.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
पावणेतीन तास लागले. चित्राची रुंदी-उंची ठरवणारी आस्पेक्ट रेशो नावाची भानगड आहे. चित्र बरोबर झालं आणि पस्तावलो. तो टेलरमास्तर चांगला देखणा निघाला. भरदार खांदे, चंदेरी केस. ही म्हणाली, किती नेटका माणूस आहे नाही. एकोणीस वर्षांत मला कधी नेटका म्हटलेलं नाही. बरं, त्याची भाषा हिला अक्षरभर कळत नाही. म्हणजे नुसतं बघत बसते.
मी जळत नाही. नोंद म्हणून लिहिलं.

७ फेब्रुवारी, गुरुवार
ऑफिसातून आलो तर मास्तर चालू. माझा चहा थर्मासमध्ये. हिने मान वर केली नाही. कडेला काळी पट्टी दिसते, एवढंच म्हणाली. पट्टी घालवायच्या निमित्ताने आस्पेक्ट रेशो एक क्लिक पुढे नेला. पट्टी गेली आणि मास्तर ऐसपैस झाला. पोट सुटलं, मान गायब, कपाटाला कोट घातल्यासारखा. ही म्हणाली, जाड वाटतोय का हो? मी म्हटलं, हेच खरं चित्र, आधीचं चुकलं होतं. पटलं तिला. जाता जाता रंगही थोडा सरकवला. मास्तर आता हिरवट आहे, प्रकृतीची चौकशी करावी इतपत.

९ फेब्रुवारी
जाड झाला, हिरवा झाला, तरी ही त्याच्याचसमोर. संकल्प: पोट कमी करणे. रोज दाढी. खांदे मागे घेऊन चालणे.

१० फेब्रुवारी
खांदे मागे घेतल्याने पाठ धरली. संकल्प पुढच्या आठवड्यापासून.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
भयंकर प्रकार. ही स्क्रीनवर ट्रेसिंग पेपर चिकटवून त्याची चित्रं काढते. कपाटात अकरा कागद सापडले. एकावर खांदा, एकावर गळा, एकावर अख्खी पाठ. जाब विचारला तर कागद हिसकावून घेतले आणि म्हणाली, वेळ आली की कळेल तुम्हाला. मला कळलंय. लग्नातला माझा फोटो अजून पाकिटात पडून आहे, तो फ्रेम करायला हिला सवड नाही, आणि याची पाठ गिरवते. अंगाची लाही लाही झाली.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
रिजन उरलेल्या दोन्ही वेळा बदलून मास्तरला कायमचा घालवायचं ठरवलं. बटणावर बोट ठेवलं तोच ही मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, तुम्ही चित्र नीट करून दिलंत म्हणून जमतंय हो मला, नाहीतर मी कुठली शिकणार. रिजनला हात लावला नाही. तो क्लिकही उद्या मागे घेतो.

१६ फेब्रुवारी
ही त्याच्याकडे बघून स्वतःशीच हसत होती. क्लिक राहू दे.

२४ फेब्रुवारी, रविवार
साडू आणि मेव्हणी जेवायला आले होते. जेवणं झाल्यावर हिने आतून कोट आणला. स्वतः बेतलेला, स्वतः शिवलेला, पहिला. आधी तुमच्यासाठी, मग बाहेरच्या ऑर्डरी घेणार, म्हणाली. म्हणजे इतके दिवस हे माझ्यासाठी चाललं होतं.
घातला. आत माझ्यासारखे दोन मावले असते. खांद्याची शिवण दंडावर. हिचा चेहरा पडला. लांबी तुमच्या शर्टावरून घेतली, बाकी सगळं चित्रावरून जसंच्या तसं गिरवून मोठं केलं, कुठे चुकलं कळत नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. कुठे चुकलं ते मला माहीत होतं. मी कापडाला दोष दिला.
मेव्हणी म्हणाली, आमच्या ह्यांना घालून बघा. साडू मुळातच ऐसपैस, त्याला तो असा बसला की जणू त्याला समोर उभा करून बेतलाय. ही खुलली. त्याच्या पाठीवरून हात फिरवून तिने कोट सारखा केला आणि म्हणाली, भावोजी, किती नेटके दिसता. मग साडू कोट घालूनच कॉम्प्युटरसमोर बसला आणि खरोखरच दोन मिनिटांत मास्तर सडपातळ आणि गोरा झाला. हे असं कुणी करून ठेवलं होतं, असं त्याने विचारलं. हिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
ते गेल्यावर विचारलं, उरलेल्या कापडात माझं काही होईल का. मोजून म्हणाली, कॉम्प्युटरचं कव्हर होईल.